तेलाचा लिटर आणि तेलाचा किलो: मधले ९० ग्रॅम कुठे गेले?

मंडळी, सणासुदीला तेलाच्या भावावर सगळे बोलतात. मापावर कोणी बोलत नाही. म्हणून आज मापाची गोष्ट.

आपल्याकडे पूर्वी शेर होता. गंमत अशी, की धान्य मापायलाही शेर आणि जिन्नस तोलायलाही शेरच. मापी शेर वेगळा, वजनी शेर वेगळा. चार मापी शेरांची पायली, अर्ध्या शेराचं मापटं, पाव शेराचं चिपटं. वजनी शेर कुठे ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅमचा, तर कुठे त्याहून कमी. गाव बदललं की शेर बदलायचा. नुकसान कोणाचं? अर्थात गिऱ्हाइकाचं आणि शेतकऱ्याचं.

हा गोंधळ मिटवायला १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आला, मागोमाग लिटर. आता वजनाला किलो आणि मापाला लिटर, दोन वेगळी नावं मिळाली. पण डोक्यातला शेर काही गेला नाही! लिटर म्हणजेच किलो, असं आपण धरून चाललो. त्यालाही कारण आहे. त्या काळी लिटरची व्याख्याच एक किलो शुद्ध पाण्याच्या आकारमानावर बेतलेली होती. पाण्यापुरतं ते बरोबर. पण तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे ते हलकं. एक लिटर खाद्यतेल भरतं साधारण ९१० ग्रॅम.

हिशोब सोपा आहे. लिटरला ०.९१ नं गुणा, किलो मिळतील. १५ लिटरचा डबा म्हणजे जेमतेम १३ किलो ६५० ग्रॅम. शेजारी १५ किलोचा डबा असेल तर त्यात जवळपास दीड लिटर तेल जास्त असतं. भाव ताडायचा तर लिटरच्या दराला ०.९१ नं भागा. १५० रुपये लिटर म्हणजे जवळपास १६५ रुपये किलो. मग १६० रुपये किलोचं तेल महाग वाटलं तरी स्वस्तच पडतं.

यात आणखी एक मेख आहे, तापमानाची. तेल तापलं की फुगतं. २१ अंशाला एक लिटर सोयाबीन तेल ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशाला ८९२.६ ग्रॅम. काही उत्पादक पिशवीवर ‘६० अंशाला १ लिटर’ असं छापायचे. आता सांगा, ६० अंशाचं तेल कोणाच्या फडताळात असतं? घरी ते निवलं की लिटरही पुरा भरत नाही. अखेर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं, की तापमानाचा उल्लेख काढा, लिटरसोबत वजन छापा आणि तेवढं वजन आत भरा. मुदत दिली १५ जानेवारी २०२३ पर्यंतची.

पुढे ठरावीक मापांच्या पाकिटांची सक्तीही उठली. त्यामुळे लिटरच्या पिशवीसारखी दिसणारी पिशवी लिटरचीच असेल, असं धरून चालू नका.

पूर्वी तराजूची दांडी डोळ्यांसमोर हलायची, मारलेली कळायची. आता दांडी पिशवीवरच्या बारीक अक्षरात आहे. तेव्हा भाव विचारण्याआधी ग्रॅमचा आकडा वाचा. आणि घरातल्या, शेजारच्या चार जणांना वाचायला लावा.