मुक्ता साळवे हिचा सवाल



जुन्या पंतोजींच्या शाळेला हसणाऱ्यांपैकी मी नाही. धुळपाटीवर अक्षरे गिरवून आणि पावकी, निमकी, अडीचकी घोकून तिने हिशेबाला पक्की माणसे तयार केली. ज्याला निमकी येते त्याला सावकार सहजी फसवू शकत नाही. पण त्या शाळेत ‘किती?’ एवढाच प्रश्न होता. ‘का?’ हा प्रश्न उंबरठ्याबाहेर होता, आणि ज्यांनी तो विचारायला हवा होता ती मुलेही बाहेरच होती.

१८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यास भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. त्यांच्या शाळेतली एक विद्यार्थिनी मुक्ता साळवे, मांग समाजातली, अवघी चौदा वर्षांची. तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात दोन भागांत प्रसिद्ध झाला. वेद जर ब्राह्मणांचेच आणि इतरांनी ते पाहूही नयेत, तर आम्ही धर्मग्रंथावाचून राहिलो. मग आमचा धर्म तरी कोणता, असा तिचा सवाल होता.

हा सवाल नीट पाहा. मुलगी प्रतिपक्षाचे म्हणणे नाकारीत नाही. ते खरे धरते आणि शेवटापर्यंत नेऊन सोडते. पुरावा मात्र ती पोथीतून आणीत नाही. बाळंत झालेल्या आपल्या बायकांच्या घरावर छप्पर नसते, हे तिने डोळ्यांनी पाहिलेले आहे. नुसत्या घोकंपट्टीतून अशी मुलगी घडत नाही.

त्याच साली जोतीरावांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली व ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त धोंडिबा शंका काढतो आणि जोतीरावांना उत्तरे द्यावी लागतात. गुरूने स्वतःला प्रश्नकर्त्यासमोर उभे केले, हे मला मोठे वाटते.

का वाटते, तेही सांगतो. कामगारांच्या अभ्यासवर्गात मी वर्षानुवर्षे भाषणे ठोकली. माना डोलत, पण वर्ग संपला की सारे जागच्या जागी. एकदा भाषण बाजूला ठेवून मी पगाराची चिठ्ठी मध्ये मांडली आणि विचारले, “यातून हे पैसे कोणी कापले? कशासाठी?” दोन तास कोणी उठले नाही. तिसऱ्या बैठकीत त्याच मंडळींनी युनियनच्या वर्गणीचा हिशेब माझ्याकडे मागितला. मला घाम फुटला. हिशेब द्यावा लागला, आणि तो दिल्यावर वर्गाला माणसे वाढली.

या सभागृहात शिक्षक आहेत, आईबाप आहेत. ज्याचे उत्तर गाइडात छापलेले आहे, ती उजळणी झाली, तीही हवी. पण रोज एक तरी प्रश्न असा विचारा, की उत्तरासाठी मुलाला आपले घर, आपली गल्ली पाहावी लागेल. मग ते उलट तुम्हालाच विचारील. त्या वेळी ‘खाली बस’ म्हणू नका, एवढेच मागणे आहे.