पहिले पाऊल आणि आयुष्याचा आशीर्वाद

हिंदू गृहसंस्कारांत बालकाच्या पहिल्या वर्षाची आखणी मोठ्या बारकाईने केलेली आढळते. पारस्कर गृह्यसूत्राने चौथ्या महिन्यात निष्क्रमण आणि सहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगितले आहे. मराठी घरांनी अन्नप्राशनाला 'उष्टावण' आणि चूडाकर्माला 'जावळ' अशी आपली नावे दिली. मूल स्वतःच्या पायांवर प्रथम चालते, त्या क्षणाला मात्र षोडश संस्कारांत स्वतंत्र स्थान नाही. बालकाला घराबाहेर नेतात ते वडीलधारे. घास भरवतात तेही तेच. पाऊल मात्र मूल आपणहून टाकते. त्यासाठी मुहूर्त काढता येत नाही.

शास्त्राने मोकळी ठेवलेली ही जागा घरातील स्त्रियांनी भरून काढली. पायांत चांदीचे वाळे, हाताशी पांगुळगाडा, 'चाली चाली' म्हणत पुढे केलेली बोटे, आणि मूल दुडुदुडु धावू लागले की मीठमोहऱ्यांनी काढलेली दृष्ट, हा सारा पुरोहितावाचून चालणारा विधीच होय. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत होणारे बोरन्हाणही याच परंपरेतले.

हा वारसा मराठी माणसाने नर्मदाकाठीही नेला. जबलपूर १७८१ मध्ये सागरच्या मराठी सुभेदारांकडे आणि १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आले. १८१७ च्या डिसेंबरात ते इंग्रजांनी घेतले. पुढे रेल्वे, कचेऱ्या आणि न्यायालये यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे ब्रिटिश अमदानीत वसलेल्या राइट टाउनसारख्या वस्त्यांत स्थिरावली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मध्य प्रदेशापासून वेगळा झाला आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. जबलपूरच्या मराठी भाषकांचे सार्वजनिक जीवन त्यानंतर अधिकाधिक हिंदीत चालू लागले. अशा परिस्थितीत मातृभाषेचा आधार उरतो तो मुख्यतः घरातच. आणि चालू लागलेल्या मुलाशी बोलली जाणारी भाषा हा त्या आधाराचा पहिला दगड होय.

'औक्षवंत हो' असे मराठी आजी म्हणते. शेजारची हिंदी भाषक आजी 'जुग जुग जियो' म्हणते. शब्द निराळे असले तरी मागणे एकच आहे. दोघीही मुलासाठी धन किंवा कीर्ती मागत नाहीत, केवळ वर्षे मागतात. औक्षणाच्या तबकातील अक्षतांचा अर्थही 'न भंगलेले' असाच आहे. या मागणीमागे अनुभव होता. दुष्काळग्रस्त १८९१ ते १९०१ या दशकात जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या घटली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मध्य प्रांतात हाहाकार उडवला. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या दर पाच मुलांपैकी सुमारे एक मूल पहिला वाढदिवस पाहत नसे. म्हणजेच पहिले पाऊल हे त्या कठीण वर्षातून मूल निभावल्याचे चिन्ह होते.

२०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत देशाचा बालमृत्युदर हजारी २८ होता; मध्य प्रदेशाचा ४३, म्हणजे देशात सर्वाधिक. आयुष्य मागणारा हा आशीर्वाद अद्याप निव्वळ उपचार झालेला नाही.