आपली भाषा अशुद्ध कुणी ठरवली?



मागे आमच्या एका बचत गटात सचिव निवडायची होती. सगळ्यांनी एकीचेच नाव घेतले. हिशोबाला पक्की, कर्जाचा हप्ता कधी चुकवला नाही, बँकेत जायला भीत नाही. पण ती मान हलवून म्हणाली, "नको ताई. माझं माहेर कन्नड. ठरावाच्या वहीत शुद्ध मराठी लागतं. एकदा एका कचेरीत बोलले, तर सगळे हसले."

आम्ही गप्प झालो. ते हसणे आपल्यापैकी अनेकींनी ऐकलेले आहे. मग आम्ही ठरवले, या 'शुद्ध'चा इतिहास एकदा बघायचाच.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यात सापडली. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल येथे भीमा आणि सीना नद्यांचा संगम आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे सन 1018 चा शिलालेख आहे. सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मराठीच्या अगदी जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. त्यातल्या मराठी ओळीचा अर्थ असा, की जो वाचेल तो विजयी होईल. आता लक्षात घ्या, तो काळ कल्याणीच्या चालुक्यांचा. त्यांच्या दरबारात कन्नडला मान होता आणि आपल्या जिल्ह्यात त्या काळचे कन्नड शिलालेख कितीतरी आहेत. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही या मातीत दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदत होत्या. अक्का, अण्णा, अप्पा ही नाती आपण हाक मारताना वापरतो, ती द्राविडी भाषांतली. तूप हा शब्दही कन्नडमधल्या 'तुप्प'चा सोयरा. ज्या पंढरीच्या विठ्ठलासाठी आपण वारी करतो, त्यालाही संतांनी 'कानडा' म्हटले.

मग शुद्ध-अशुद्ध आले कधी? इंग्रजी अमलात शाळा निघाल्या, पुस्तके छापायची होती, आणि सगळीकडे चालेल अशी एकच मराठी हवी होती. 1831 मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश निघाला. 1836 मध्ये दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण आले. पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांची बोली प्रमाण ठरली. त्यात वाईट काही नव्हते. एका पुस्तकाने हजारो मुले शिकू शकली. चूक पुढे झाली. सोयीसाठी निवडलेली एक बोली 'शुद्ध' झाली आणि बाकीच्या साऱ्या 'गावंढळ' ठरल्या. भाषेचे नियम माणसांनी ठरवले, आणि ठरवायला बसलेल्यांत आपल्या आज्या-पणज्या नव्हत्या.

1956 मध्ये भाषेवरून राज्यांची फेररचना झाली. शेजारचा विजापूर जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. नकाशावर रेघ पडली, पण सोयरिकी कुठे थांबल्या? लेकी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे नांदायला जातच राहिल्या.

अशा सरमिसळीचा अभ्यास करायला मोठे विद्वान आपल्याच बाजूला आले होते. सांगलीजवळच्या कुपवाड गावात कन्नड, मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगू बोलली जात असे. तेव्हा ते सुमारे 3 हजार वस्तीचे गाव होते. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तिथल्या बोलण्याचा अभ्यास केला आणि 1971 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे असे, की घरोघरी भाषा वेगळ्या असल्या तरी शेकडो वर्षांच्या शेजाराने त्यांची वाक्ये एका साच्यात बसली, फक्त शब्द वेगळे राहिले. आमच्या गटात करून बघितले. मराठीत "पाणी भरून घेऊन आले". दखनीत "पानी भर को लेको आई". कन्नडमध्ये "नीरु तुंबिकोंडु बंदे". आधी पाणी, मग भरणे, घेणे आणि शेवटी येणे. तिन्ही घागरी एकाच क्रमाने भरतात! हा अभ्यास जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो. पुढे सुमारे 40 वर्षांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडला पुन्हा अभ्यास करून जुने निष्कर्ष तपासून पाहिले. विद्वानांचेही म्हणणे असे पुन्हा पुन्हा तपासले जाते.

त्या 1971 च्या लेखातली एक गोष्ट मात्र आम्हाला खटकली. एकाहून जास्त भाषा बोलणारे म्हणून त्यात भर आहे तो गावातल्या पुरुषांवर. शेतावरचे, बाजारातले, चावडीवरचे बोलणे. आणि बायका? माहेरची भाषा डोक्यात आणि सासरची जिभेवर घेऊन संसार करते ती सून. लेकराला एका भाषेत जोजवते, सासूशी दुसऱ्या भाषेत बोलते आणि बाजारात तिसरीत भाव करते. सोलापुरात विडी वळणाऱ्या तेलुगू भाषक बायका हे रोज करतात. ही हुशारी कुणी मोजली नाही, म्हणून आपल्यालाही ती हुशारी वाटत नाही.

आता चित्र बदलते आहे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले आहे. गावोगावच्या बायका आणि पुरुष यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ते सर्वांसाठी खुले ठेवले आहे. युनेस्कोने तर 1953 मध्येच सांगितले होते, की शिकण्याची सुरुवात मातृभाषेतून व्हावी. घरची भाषा ही शिकण्याची अडचण नाही, तो शिकण्याचा पाया आहे.

प्रमाण मराठीही शिकायचीच. अर्ज, करारनामा, कर्जाची कागदपत्रे वाचता आली नाहीत तर फसवणूक होते. पण सणाची साडी अंगावर आली म्हणून रोजचे लुगडे कुणी टाकून देत नाही.

त्या मैत्रिणीने अजून सचिवपदाला होकार दिलेला नाही. पण एक ठरले आहे. बैठकीत काय झाले ते ती तिच्या बोलीत सांगते, दुसरी लिहून घेते, आणि मग ती स्वतः ते सगळ्यांना वाचून दाखवते. परवा वाचताना एक शब्द कन्नड आला. कुणी हसले नाही. उलट एका आजींनी त्याचा अर्थ सांगितला.

तुमच्याही गटात पुढच्या बैठकीत प्रत्येकीने माहेरचा एक शब्द आणावा आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहावा. कुडलच्या दगडाने हजार वर्षांपूर्वी वाचणाऱ्याला विजयाचा आशीर्वाद दिला. तो आशीर्वाद आपल्यालाही आहे.