माधवराव शिंदे पुरस्कार (क्रिकेट)

माधवराव शिंदे पुरस्कार हा रणजी करंडक स्पर्धेच्या हंगामात सर्वाधिक बळी घेणाऱ्या गोलंदाजास आणि सर्वाधिक धावा करणाऱ्या फलंदाजास भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडून (बीसीसीआय) दिला जाणारा पुरस्कार होय. मंडळाचे माजी अध्यक्ष व केंद्रीय मंत्री माधवराव शिंदे यांचे नाव त्यास देण्यात आले आहे. हा पुरस्कार परीक्षकांच्या मतावर नव्हे, तर केवळ संख्येवर ठरतो. त्यामुळे विजेत्याविषयी संशय उरत नाही. मात्र हंगामातील सर्वोत्तम गोलंदाज तोच का, हा प्रश्न कायम राहतो.

२०१७-१८ चा हंगाम

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण विदर्भाचा वेगवान गोलंदाज रजनीश गुरबानी याचे आहे. त्या हंगामात केरळच्या जलज सक्सेना याने ४४ बळी घेतले व पुरस्कार त्यास मिळाला. गुरबानीचे बळी ३९ होते आणि तेही अवघ्या सहा सामन्यांत. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध त्याने १२ गडी बाद केले आणि विदर्भाने तो सामना पाच धावांनी जिंकला. इंदूर येथील अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने हॅटट्रिक साधली. तिन्ही फलंदाज त्रिफळाचित झाले होते. विदर्भाला प्रथमच करंडक मिळाला. सक्सेनाचे यश उसने नव्हते, परंतु केरळचा प्रवास उपांत्यपूर्व फेरीत, विदर्भाविरुद्धच, संपला होता. बाद फेरीतील बळींना अधिक मोल देण्याची सोय पुरस्काराच्या निकषात नाही.

प्लेट गटाचा प्रश्न

२०१८-१९ मध्ये बिहारसह नऊ नव्या संघांचा प्लेट गट तयार झाला. बिहारचा डावखुरा फिरकी गोलंदाज आशुतोष अमन याने आठ सामन्यांत ६८ बळी घेऊन बिशनसिंग बेदी यांचा १९७४-७५ मधील ६४ बळींचा विक्रम मोडला. त्याची सरासरी ६.४८ होती. प्रतिस्पर्धी संघांपैकी बहुतेकांचा तो पहिलाच हंगाम असल्याने या आकड्यांची तुलना बेदींच्या कामगिरीशी कशी करावी, यावर बरीच चर्चा झाली. अर्थात समोर कोणता संघ उभा करायचा, हे गोलंदाजाच्या हाती नसते. पुढच्याच हंगामात सौराष्ट्राचा कर्णधार जयदेव उनाडकट याने ६७ बळी घेतले व संघास पहिले विजेतेपद मिळवून दिले. अमनच्या विक्रमाहून तो एका बळीने मागे राहिला, तरी त्या हंगामात त्याच्या पुरस्काराविषयी वादाला जागा नव्हती.

अखेर २०२३-२४ च्या हंगामासाठी मंडळाने दोन्ही गटांना स्वतंत्र पुरस्कार दिले. एलिट गटात तमिळनाडूचा साई किशोर (५३ बळी), तर प्लेट गटात हैदराबादचा तनय त्यागराजन (५६ बळी) मानकरी ठरला. जुन्या नियमाने साई किशोरला हा मान मिळाला नसता.

महाराष्ट्रातील गोलंदाज

राज्यात मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे तीन रणजी संघ आहेत. मुंबईचा शम्स मुलानी २०२१-२२ मध्ये ४५ बळींसह पुरस्काराचा मानकरी ठरला. मुंबई त्या वर्षी अंतिम सामन्यात मध्य प्रदेशकडून पराभूत झाली. २०२४-२५ मध्ये विदर्भाच्या हर्ष दुबे याने दहा सामन्यांत १६.९८ च्या सरासरीने ६९ बळी घेत अमनचा विक्रम मागे टाकला. विदर्भ विजेता ठरला आणि दुबे स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू निवडला गेला. अमनहून त्याची सरासरी अडीच पटींहून अधिक असली, तरी सर्व बळी एलिट गटातील संघांचे असल्याने या विक्रमाचे वजन निराळे आहे.

सरासरीवरून निवड करावी, असेही सुचविले जाते. पण खेळपट्ट्या सर्वत्र सारख्या नसतात. त्याच हंगामात, जानेवारी २०२५ मध्ये, महाराष्ट्र-बडोदा सामना नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर झाला. नाशिककर त्यास आजही गोल्फ क्लब मैदान म्हणतात. तेथे थंडीच्या सकाळी नव्या चेंडूने मिळालेला बळी आणि नागपुरात पाचव्या दिवशी फिरकीने काढलेला बळी सरासरीच्या हिशेबातही एकाच मापाने मोजले जातात.