ईश्वरलक्षण व ईश्वरचरित्र (बीड परिसरातील विचारपरंपरा)

ईश्वराचे शास्त्रांनी सांगितलेले गुण आणि त्याच शास्त्रांतील कथांमधून दिसणारे त्याचे वर्तन परस्परांशी सुसंगत आहेत काय, हा धर्मतत्त्वज्ञानातील एक मूलभूत प्रश्न होय. ज्याचे वर्णन सर्वज्ञ, सर्वशक्तिमान, समदर्शी व दयाळू असे केले जाते तो देव कथेत मात्र रुसतो, फसवतो, पक्षपात करतो, प्रसंगी वेळही चुकवतो. तेव्हा लक्षण प्रमाण मानावे की चरित्र, की दोहोंचा मेळ घालणारा तिसरा अर्थ शोधावा, असा हा पेच आहे. मराठी प्रदेशात या पेचाची जुनी आणि एकमेकांहून बरीच वेगळी उत्तरे ज्या थोड्या ठिकाणी जवळजवळ सापडतात, त्यांत आजच्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई, परळी आणि गोदाकाठचे पांचाळेश्वर यांची गणना करावी लागते.

भारतीय परंपरेत ईश्वराचे लक्षण दोन प्रकारांनी सांगितले जाते. वस्तू स्वतः जशी आहे ते सांगणारे ते स्वरूपलक्षण, उदाहरणार्थ ब्रह्म सत्, चित् व आनंदरूप आहे. आणि वस्तूच्या कार्यावरून तिची ओळख पटवणारे ते तटस्थलक्षण, उदाहरणार्थ ज्याच्यापासून जगाची उत्पत्ती, स्थिती व लय होतात तो ईश्वर. पुराणांनी यात ऐश्वर्य, धर्म, यश, श्री, ज्ञान व वैराग्य या सहा गुणांची भर घातली आणि हे सहाही ज्याच्या ठायी पूर्णत्वाने आहेत तो भगवान, असे ठरवले. विरोध खरा येथून सुरू होतो, कारण धर्म आणि वैराग्य ही ज्याची लक्षणे, त्याच्याच लीला सांगताना पुराणकारांचा हात मोकळा सुटलेला असतो. हा विरोध बाहेरच्या टीकाकारांनी प्रथम दाखवला असे मानण्याचे कारण नाही. भागवताच्या दशमस्कंधात रासक्रीडेचे वर्णन संपताच खुद्द परीक्षित राजा विचारतो, की धर्मस्थापनेसाठी अवतरलेल्या देवाने परस्त्रियांशी असे वर्तन कसे केले. आणि त्यावर शुक जे उत्तर देतात त्याचा आशय असा, की समर्थांना दोष लागत नाही, सामान्यांनी मात्र त्यांचे अनुकरण करू नये, शिवाय जो सर्वांच्या अंतर्यामी आहे त्याला परके असे कोणी नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातही ईश्वरावर वैषम्य (भेदभाव) आणि नैर्घृण्य (निर्दयता) हे दोन आक्षेप घेऊन, जीवांच्या कर्माला अनुसरूनच तो फळ देतो, असे त्यांचे निरसन केले आहे. या दोन उत्तरांतील दुसरे तर्काला अधिक धरून आहे. पहिले अधिक प्रसिद्ध असले, तरी ते आक्षेपाचा परिहार करण्यापेक्षा आक्षेपकाला गप्प बसवणारे आहे.

बीड जिल्ह्यातील दोन स्थळकथांमध्ये हाच पेच शास्त्राच्या परिभाषेवाचून मांडलेला आढळतो. परळी येथील वैजनाथ हे महाराष्ट्रातील परंपरेनुसार बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असून (हा मान झारखंडातील देवघरही सांगते) त्याविषयीची कथा अशी, की समुद्रमंथनानंतर अमृत आणि धन्वंतरी यांना विष्णूने शिवलिंगात लपवले. दानवांनी लिंगाला हात लावताच त्यातून ज्वाला निघाल्या आणि भक्तांनी स्पर्श करताच अमृताची धार वाहिली. एकाच लिंगाने एकाला जाळावे व दुसऱ्याला जगवावे, हे वैषम्याचे सरळ उदाहरण होय. तरीही याच कथेच्या आधारे परळीत सर्वांना पिंडीला हात लावून दर्शन घेण्याची मुभा असल्याचे सांगितले जाते, म्हणजे देवाचा भेदभाव सांगणाऱ्या कथेतून लोकांनी अभेदाचा आचार काढला आहे. दुसरी कथा अंबाजोगाईच्या योगेश्वरीची. कोकणस्थ ब्राह्मणांच्या अनेक घराण्यांची कुलदेवता असलेल्या या देवीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता, परंतु मुहूर्त टळला, विवाह झाला नाही, वऱ्हाड दगडाचे झाले आणि देवी कुमारिकाच राहिली, अशी ही कथा असून गावाजवळच्या हत्तीखाना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेण्यांतील दगडी हत्ती त्या वऱ्हाडातले मानले जातात. आदिशक्ती मुहूर्ताच्या अधीन कशी, आणि कालाचाही काल असलेल्या शंकराला वेळ साधता का आली नाही, हे प्रश्न कथा विचारत नाही. देवीचे कौमार्य आधी, पूजेतच स्वीकारलेले होते आणि त्याचे कारण नंतर कथेने पुरवले, असे मानल्यास तिचा उलगडा अधिक चांगला होतो. पुष्कळशा स्थळमाहात्म्यांना हेच लागू पडते, आणि म्हणून त्यांतील प्रत्येक वाक्य देवाच्या स्वभावाविषयीचे विधान म्हणून वाचणे हा त्यांच्यावर अन्यायच होय.

याच अंबाजोगाईशी मुकुंदराजांचे नाव जोडलेले आहे. त्यांचा विवेकसिंधु हा ग्रंथ, त्याच्या अखेरीस दिलेल्या उल्लेखानुसार, शके १११० म्हणजे इ. स. ११८८ मध्ये अंबानगरी लिहिला गेला. अंबानगर म्हणजे अंबाजोगाई असे मराठवाड्यातील परंपरा मानते आणि तेथील बालाघाटच्या डोंगरात त्यांची समाधी दाखवते. विदर्भातील अभ्यासकांनी वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचा पक्ष मांडला आहे, तर उपलब्ध हस्तलिखितांतील भाषा इतकी जुनी वाटत नाही, म्हणून काहींनी या कालाविषयीही शंका घेतली आहे. पूर्वार्ध व उत्तरार्ध मिळून अठरा प्रकरणांचा हा गुरुशिष्यसंवाद शंकराचार्यांच्या अद्वैताला अनुसरतो. त्याची पद्धत वेदान्तात अध्यारोप-अपवाद या नावाने ओळखली जाते: प्रथम ब्रह्मावर जगत्कर्तृत्व, नियंतृत्व यांसारखे धर्म आरोपित करायचे, त्यांच्या आधाराने साधकाला पुढे न्यायचे, आणि शेवटी ते सर्व आरोप काढून घेऊन निर्गुण वस्तू तेवढी उरू द्यायची. या दृष्टीने ईश्वर म्हणजे मायेच्या उपाधीसह पाहिलेले ब्रह्म. उपाधी म्हणजे जवळ असल्यामुळे आपला धर्म दुसऱ्या वस्तूवर भासवणारी गोष्ट. साहजिकच कथेत दिसणारा राग, मोह किंवा पक्षपात उपाधीच्या पदरी पडतो आणि स्वरूपाला त्याचा विटाळ होत नाही. हे उत्तर तर्कदृष्ट्या निर्दोष आहे, पण त्याची किंमतही मोठी आहे, कारण त्यात दोषांबरोबर दयाही उपाधीकडेच जाते आणि भक्ताने ज्याला हाक मारायची तो शेवटच्या पायरीवर उरत नाही. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस याने धर्मग्रंथातील देवाचे हात, डोळे व क्रोध ही माणसांच्या बोलीत केलेली भाषा ठरवून, देवाविषयी केवळ तो काय नाही एवढेच म्हणता येते असा जो सिद्धान्त मांडला, त्याचे मुकुंदराजांच्या मार्गाशी साम्य आहे. आणि योगायोगाने विवेकसिंधूचे परंपरागत वर्षही मायमोनिडीसच्या हयातीत येते.

अगदी निराळे उत्तर महानुभाव पंथाने दिले. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी असलेले पांचाळेश्वर हे आत्मतीर्थ म्हणून या पंथाचे महत्त्वाचे क्षेत्र असून दत्तात्रेय रोज दुपारचे भोजन येथे घेतात, अशी श्रद्धा आहे. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या निरूपणाप्रमाणे जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र आणि अनादी आहेत. परमेश्वर नित्यमुक्त व कृपाळू आहे. देवता नित्यबद्ध असून त्या आपापल्या अधिकाराप्रमाणे फळे देतात, मोक्ष मात्र देऊ शकत नाहीत. ही मांडणी स्वीकारली की लोकांत पूजल्या जाणाऱ्या असंख्य देवांचे हेवेदावे, शाप आणि नवसाचे व्यवहार हे देवतांच्या खात्यावर जमा होतात आणि परमेश्वराचे लक्षण अबाधित राहते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात मार्सियन याने ज्यू धर्मग्रंथातील न्यायकठोर देव आणि येशूने सांगितलेला दयाळू देव हे दोन वेगळेच होत असे प्रतिपादन केले आणि त्यासाठी चर्चने त्याला बहिष्कृत केले. कर्त्याचीच विभागणी करण्याची युक्ती दोन्हीकडे सारखी आहे. फरक असा, की महानुभावांनी कथा टाकून दिल्या नाहीत आणि ज्यांना परमेश्वराचे अवतार मानले त्या पाच जणांच्या, म्हणजे श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू व चक्रधर यांच्या चरित्रांतील अवघड जागाही झाकल्या नाहीत.

या बाबतीत म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध केलेल्या लीळाचरित्राचा प्रामाणिकपणा विलक्षण म्हणावा लागेल. चक्रपाणींनी देह ठेवल्यावर गुजरातेत नुकत्याच मृत झालेल्या हरपाळाच्या शरीरात परमेश्वराने प्रवेश केला, हा हरपाळ पुढे जुगारात हरला, ते देणे फेडण्यासाठी त्याने पत्नीकडे दागिने मागितले, तिने नकार दिला, आणि त्यातून आलेल्या विरक्तीने तो रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून घराबाहेर पडला व पुढे चक्रधर म्हणून ओळखला गेला, ही हकीकत पंथाच्या आद्यग्रंथातच आहे. ज्याला सर्वज्ञ म्हणायचे तो द्यूतात हरतो, हे लिहिताना लेखकाचा हात अडखळलेला नाही. अवताराने धारण केलेल्या मनुष्यदेहाचे व्यवहार मनुष्यासारखेच चालणार, अशी त्यामागची धारणा आहे. मात्र चरित्र लिहिणे वेगळे आणि त्यात रमणे वेगळे, याची जाणीव पंथाला होती. भास्करभट्ट बोरीकर यांनी कृष्णचरित्रावर शिशुपालवध हे काव्य रचले, तेव्हा ग्रंथ उत्तम साधला असला तरी तो शृंगाराकडे झुकल्यामुळे निवृत्तीच्या मार्गावरील साधकांना योग्य नाही, असा अभिप्राय सहपंथीयांकडून मिळाला. त्यानंतर त्यांनी भागवताच्या एकादशस्कंधावर आधारलेली उद्धवगीता लिहिली. परीक्षिताचा प्रश्न येथे देवाला न विचारता कवीला विचारला गेला आहे.

सोळाव्या शतकात अंबाजोगाईत स्थायिक झालेले दासोपंत (१५५१–१६१५) हे दत्तोपासक असल्यामुळे त्यांच्यापुढे हा पेच आणखी तीव्र रूपात होता. मार्कंडेय पुराणातील दत्तात्रेय शिष्यांचा ससेमिरा टाळण्यासाठी सरोवरात बुडी मारून राहतात, एका सुंदर स्त्रीसह वर येतात, मद्यपान करतात. आणि तरीही बृहस्पतीच्या सल्ल्याने देव त्यांनाच शरण जातात, कारण ती स्त्री लक्ष्मी असते आणि तिला डोक्यावर उचलून नेणाऱ्या दैत्यांचा त्यामुळेच नाश होतो. येथे दुर्वर्तन ही एक कसोटी आहे: बाह्य रूपावरून लक्षण ठरवणारे परत फिरतात आणि चिकटून राहणाऱ्यांना स्वरूप कळते. अवधूताच्या, म्हणजे वर्णाश्रमाची बंधने झटकून टाकलेल्या योग्याच्या, कल्पनेत हा अर्थ सहज बसतो. दासोपंतांच्या स्वतःच्या चरित्रातही देवाच्या लपण्याची कथा आहे. नारायणपेठचे देशपांडे असलेल्या त्यांच्या वडिलांकडून वसूल थकला, म्हणून बीदरच्या बादशहाने मुलाला ओलीस ठेवले आणि मुदतीत रक्कम न भरल्यास त्याचे धर्मांतर करण्याचे ठरवले, तेव्हा दत्ताने दत्ताजी पाडेवार या नावाने दरबारात येऊन पैसे भरले, असे सांगतात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांसाठी विठ्ठल महार होऊन गेल्याची कथा याच जातीची. सर्वशक्तिमानाला बादशहाचे मन थेट पालटता आले असते आणि सत्यस्वरूपाला खोटे नाव सांगण्याचे कारण नव्हते, हे दोन्ही आक्षेप बिनतोड आहेत. परंतु कथेला सामर्थ्य सिद्ध करायचेच नाही. गावगाड्यातील सर्वांत खालच्या सेवकाचे काम देवाने अंगावर घ्यावे, यात तिला त्याची दया दिसते, आणि दयेसाठी ती इतर लक्षणांना मुरड घालायला तयार आहे. त्या सेवकाच्या जातीला प्रत्यक्षात त्या देवाच्या देवळात प्रवेश होता काय, हे मात्र अशा कथा कधी सांगत नाहीत.

दासोपंतांचे लेखन प्रचंड आहे. त्यांच्या गीतार्णवाची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख मानली जाते, आणि सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद कापडावर लिहिलेली पंचीकरणाची पासोडी अंबाजोगाईत प्रसिद्ध आहे. पंचीकरण म्हणजे पाच महाभूतांच्या मिश्रणातून देह व जग कसे घडते याचे विवरण. गीतेवर भाष्य करणाऱ्या कोणालाही नवव्या अध्यायातील सर्वांविषयी सम असणारा देव आणि सोळाव्या अध्यायातील द्वेष्ट्यांना आसुरी योनींत टाकणारा देव यांचा मेळ घालावाच लागतो. परमार्थदृष्टीने मुकुंदराजांच्याच अद्वैताशी राहून उपासनेत मात्र सगुण दत्त अखेरपर्यंत सोडायचा नाही, हा दासोपंतांचा पवित्रा होय. अंबाजोगाईतील थोरले देवघर व धाकटे देवघर या त्यांच्या वंशजांच्या दोन घरांत ही उपासना पुढे चालत राहिली.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न मुंबई-पुण्याकडे नव्याने पेटला, तेव्हा निजामाच्या राज्यात असलेला बीडचा प्रदेश त्या वादापासून दूरच होता. मुंबईत जॉन विल्सन या मिशनऱ्याने देवांच्या पुराणोक्त वर्तनावरून हिंदुधर्मावर आक्षेप घेतले आणि मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये हिंदुधर्मस्थापना लिहून प्रतिपक्ष मांडला. हत्यार दुधारी होते, कारण माणूस निर्माण केल्याचा पश्चात्ताप करणारा आणि फारोचे मन कठोर करून मग त्याला शिक्षा करणारा देव बायबलातही आहे. जोतीराव फुले यांनी गुलामगिरी (१८७३) या ग्रंथात हा वाद वेगळ्याच पातळीवर नेला. बळीला फसवणारा वामन हा देव असू शकत नाही, आणि तो देव म्हणून सांगितला गेला यात कोणाचा स्वार्थ होता, असा त्यांचा प्रश्न होता. उलट त्यांचा निर्मिक, म्हणजे सर्वांचा निर्माता, समदर्शी आहे आणि त्याच्याविषयी लीलाकथा नाहीत. लक्षणाच्या कसोटीवर चरित्र नापास करून टाकून देणारे मराठीतील हे पहिले सर्वांगीण प्रतिपादन म्हणता येईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राम व कृष्ण यांच्या चरित्रांवर लिहिलेली प्रकरणे महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा राज्यभर निदर्शने व प्रतिनिदर्शने झाली. मुकुंदराजांचे उपाधीचे उत्तर या टीकेला लागू पडत नाही, कारण फुले-आंबेडकरांचा आक्षेप ब्रह्माच्या स्वरूपावर नसून, त्या कथांचा आधार घेऊन माणसांनी माणसांशी केलेल्या वर्तनावर आहे.