रुळांच्या सांध्यावर सांडलेले श्रम

आपल्या देशात कामगाराची उत्पादकता संथ का वाढते, या चर्चेत बोट आधी माणसाकडे जाते, मग यंत्राकडे. मराठवाड्याच्या वाट्याला तर ‘इथला माणूसच सुस्त’ हा शेरा ठरलेला. माझे म्हणणे असे की, नांदेड-लातूरचा हिशेब मांडताना आधी दोन रुळांमधले अंतर मोजावे.

१९००च्या सुमारास निजामाच्या मुलखातून हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे मनमाडपर्यंत सुरू झाली, ती मीटरगेज. मनमाडहून मुंबईला जाणारी मात्र ब्रॉडगेज. म्हणजे नांदेडच्या रुईच्या गाठी मुंबईला न्यायच्या, तर मनमाडला उतरवून हमालांकरवी दुसऱ्या वाघिणीत चढवायच्या.

लातूरची कथा अधिक चमत्कारिक. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली बार्शीला आणि १९११ साली लातूरला पोचली. मनुष्य हिशेबी. प्रत्येक आसावर पाच टनांपर्यंत भार, हा एकच नियम धरून त्याने हलक्या रुळांवरून जास्तीत जास्त माल नेला. त्या काळी ती उत्पादकतेतली मोठीच झेप होती आणि लातूरच्या बाजारपेठेला तिने बळ दिले. पण कुर्डुवाडीला सांधा आलाच. पोते उतरवा, पोते चढवा. हमालाने दिवसभर घाम गाळला तरी त्या पोत्यातली तूर एका दाण्यानेही वाढत नाही, सांडते मात्र. १९५४ साली सरकारने ही कंपनी विकत घेतली, तरी लातूरचे रूळ रुंद व्हायला २००७-०८ उजाडले. जवळजवळ शंभर वर्षे!

ब्रॉडगेजसाठी गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद वर्षानुवर्षे झगडत राहिले. १९८४ साली दांडेकर समितीने रस्ते, सिंचन अशा बाबींचा अनुशेष आकड्यांत मांडला. पण रेल्वे पडली केंद्राची, ती त्या वहीत नव्हती. नांदेडला ब्रॉडगेज आली ती गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात. तोवर तिथली उस्मानशाही मिल आजारी ठरून १९७४च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे गेलेली होती. पुढे ती बंदच पडली. एकट्या गेजने तिचा जीव घेतला असे मी म्हणणार नाही. जुनाट यंत्रांनी देशभरच्या गिरण्या बुडवल्या. पण आजाऱ्याला उपास घडवावा, तसे हे झाले.

उपाय म्हणून नवे कारखाने, नवी अनुदाने सुचवली जातात. लातूरला २०१८ साली रेल्वेडब्यांच्या कारखान्याची पायाभरणी झाली, ते चांगलेच. तरी मी सांध्यांना आधी पैसा देईन. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, ती याच रुंद केलेल्या मार्गावरून. आणि नांदेडहून लातूरला रेल्वेने जायचे, तर आजही परभणी-परळीचा वळसा पडतो. लोहा-अहमदपूरवरून थेट रुळांची मागणी जुनीच आहे.