पाचोऱ्याच्या चौकातल्या कॅमेऱ्याचे पैसे कोण देतं?

पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात चौकात सीसीटीव्ही लागतात, पोलिसांना नवी गाडी मिळते. हा खर्च पोलीस ठाणं स्वतः करत नाही. मग पैसे येतात कुठून?

केंद्राकडून काय मिळतं?

राज्यघटनेनुसार पोलीस हा राज्याचा विषय आहे. तरीही १९६९-७० पासून केंद्रीय गृह मंत्रालय पोलीस दल आधुनिकीकरण योजनेतून राज्यांना अनुदान देतं. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी त्यात ४,८४६ कोटी रुपयांची तरतूद झाली. महाराष्ट्रासाठी खर्चाची विभागणी केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के अशी आहे. राज्य दरवर्षी आराखडा पाठवतं. आधीच्या निधीचं उपयोगिता प्रमाणपत्र दिलं नाही, तर पुढचा हप्ता अडकतो.

एफआयआर संगणकावर नोंदवणारी सीसीटीएनएस यंत्रणाही केंद्राच्याच पैशांतून उभी राहिली. २००९ मध्ये तिला सुमारे २,००० कोटी रुपये मंजूर झाले होते.

जिल्ह्यातून काय मिळतं?

चौकातले कॅमेरे आणि गाड्यांसाठी अनेकदा जिल्हा नियोजन समितीचा निधी वापरला जातो. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. म्हणजे पाचोऱ्याची मागणी जळगावच्या बैठकीत इतर तालुक्यांच्या रस्ते, शाळा, पाण्याच्या कामांसोबत रांगेत उभी असते.

हे इतकं गरजेचं का?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे. त्याआधी, २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचे आदेश दिले. फुटेज १८ महिने जपायचं, तशी यंत्रणा बाजारात नसेल तरी किमान एक वर्ष. कोठडीत मारहाण झाल्याचा आरोप असेल, तर हेच फुटेज मोठा पुरावा ठरतं. कॅमेरा बंद असेल, तर आरोपीचंही नुकसान आणि प्रामाणिक पोलिसाचंही.

खरी अडचण कुठे येते?

खरेदी एकदाच होते. वीज, इंटरनेट, स्टोरेज आणि दुरुस्तीचा खर्च मात्र दरवर्षीचा. त्याची तरतूद आधीच केली नसेल, तर उद्घाटन झालेला कॅमेरा नुसता खांबावर उरतो.

नागरिक काय विचारू शकतात?

माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून पोलीस अधीक्षक किंवा जिल्हा नियोजन कार्यालयाकडे अर्ज करता येतो. कॅमेरे किती, सुरू किती, निधी कोणता, देखभालीचा करार कधीपर्यंत? उत्तर साधारणपणे ३० दिवसांत मिळायला हवं.